पंख वाळायच्या आत

त्रिनिदाद
८ जून १९८७

एर्लान,

तू जिवंत आहेस हे मला रूबेरकडून कळतं, तुझ्याकडून नाही. दर दोन-तीन दिवसांनी माझा नवरा मांस न्यायला तामारिंदो रँचवर विमान घेऊन येतो. त्याच्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी कोंबायला तुला काय होतं? हे पत्र त्याच्याच खिशातून येतंय. उत्तरही तसंच पाठव.

तीन महिने एका ठिकाणी टिकलास म्हणे. आई असती तर मेणबत्ती लावली असती. रूबेरने शब्द टाकून तुला तिथे लावलंय, तेव्हा एखाद्या होडीच्या मागे किंवा पोरीच्या मागे निघून जाऊ नकोस.

माझ्या येनीचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन २१ तारखेला, रविवारी. पांढरा झगा शिवून झाला. सान्ता क्रूझहून माझी नणंद मिर्ता येणार आहे. नाताळात तिने माझा कुन्यापे, चीजचा छोटा पाव, तोंडात घातला आणि चारचौघांत म्हणाली, "वहिनी, तुमच्या त्रिनिदादला चीज मिळतं की रबर?" सगळे हसले. रूबेरही हसला. मी विसरलेले नाही.

आणखी एक. रूबेरला हल्ली काय झालंय? निघायच्या आधी पलंगाच्या काठावर बसून राहतो. कॉफी तशीच टाकतो. परत येतो तेव्हा शर्टाला दुधाचा आणि धुराचा वास असतो. तिथे चीज करणारी कोणी तरुण विधवा आहे ना? मी काही विचारत नाही. नुसतं विचारतेय.

दोर्काताई

*

तामारिंदो
१२ जून १९८७

ताई,

लिहायला बसलो आणि बूट सापडेना. एक होता, दुसरा नव्हता. बुटाचा पत्राशी काय संबंध म्हणशील, पण शोधता शोधता तो डुकरिणीच्या पिलांखाली सापडला, ती त्यावर डोकं ठेवून झोपली होती, मग मला उठवेना. एका बुटावर लिहितोय.

काम बरं आहे. उजाडायच्या आत गुरं कापतात, मी मांसाचे फरे उचलून विमानात रचतो. दाजींची सीट सोडून आत सीटच नाहीत, सगळं मांस. आतडी आणि बाकीचा ऐवज एका कातड्यावर घालून बैल ओढत नेतो आणि धावपट्टीच्या टोकाला टाकतो. तिथे कुंपणाच्या खांबाखांबावर एकेक गिधाड, पंख पसरून, वेदीपुढच्या पाद्रीबुवांसारखं. रात्रभरच्या दंवाने पंख ओले होतात, ते वाळवत बसतात. ऊन तापलं, जमिनीतून गरम हवा वर आली, की एकदम सगळी उठतात आणि पट्टीवर घिरट्या सुरू. म्हणून दाजींचं एकच म्हणणं: त्यांचे पंख वाळायच्या आत आपण गेलेलं बरं.

मुकादम बेनिग्नोला त्यांनी सांगून पाहिलं, की खड्डा खणा, आतडी पुरा. बेनिग्नो म्हणाला, कॅप्टन, खणायचंच असतं तर आम्ही शेती केली नसती का? इथला माणूस घोड्यावरून उतरून फावडं हातात घेणार नाही. मी खणतो म्हणालो तर सगळे माझ्यावरच हसले, आणि खरं सांगायचं तर एक दिवस खणलं आणि दुसऱ्या दिवशी मीही सोडलं.

तू विचारत नाहीस ते सांगतो. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. मे महिन्यात उडताना एक गिधाड दाजींच्या विमानाच्या पंखावर आपटलं. पत्रा थाळीसारखा खोलगट झाला. ठोकून सरळ केला, पण तेव्हापासून त्यांच्या पोटात कॉफी ठरत नाही. सेल्वा त्यांना चुलीपाशी बसवून कोमट दूध देते. सेल्वा म्हणजे तुझी ती विधवा. तिचे हात वल्ह्याएवढे आहेत आणि ती माझ्यासकट सगळ्यांना 'लेकरा' म्हणते, बेनिग्नोलासुद्धा, जो तिच्या बापाच्या वयाचा आहे. तिची दोन पोरं चुलीभोवती रांगत असतात. बाकी काही नाही.

तिचं चीज मात्र खरंच चीज आहे. डुकरीण उठली. थांबतो.

तुझा एर्लान

*

त्रिनिदाद
१६ जून १९८७

एर्लान,

पंखाचं मला सांगितलंस ते बरं केलंस. मी काही बोलले नाही. पायलटच्या बायकोने असलं बोलायचं नसतं. बोललं की ते घरात राहायला येतं.

आता काम. रविवारच्या कुन्यापेंसाठी मला त्या बाईचं चीज हवंय. मिर्ताच्या तोंडात मी स्वतःच्या हाताने घालणार आहे. पण कालचं चीज नको. कालचं पाणी सोडून घट्ट होतं, त्याचे कुन्यापे फुगत नाहीत. शुक्रवारी रूबेर येईल, त्याच सकाळचं, ताज्या दुधाचं हवं. तिला म्हणावं, जरा लवकर धार काढ. रूबेरला मी सांगितलंय, पण तो हो म्हणतो आणि विसरतो. तू मागे लाग. रिकाम्या हाताने आला तर घरात घेणार नाही, असंही सांग.

तू येतोस ना रविवारी? येनी विचारते, मामा बूट घालून येईल का.

दोर्काताई

*

तामारिंदो
२५ जून १९८७

ताई,

तीन कागद फाडले.

मी आलो नाही म्हणून रागावली असशील. शेजारच्या रँचवरचे पायलट कॅप्टन मेल्फी त्यांना न्यायला आले तेव्हा विमानात एका आडव्या माणसापुरती जागा होती, आणि ती दाजींची होती. नंतर नदीमार्गे येता आलं असतं. नाही आलो. घाटापर्यंत गेलो होतो. होडी आली, माणसं चढली, होडी गेली, मी तिथेच उभा.

कसं झालं ते तुला कोणी धड सांगितलं नसेल. सकाळी धुकं होतं. दाट. बैलसुद्धा दिसत नव्हता. ते विरेपर्यंत थांबावं लागलं आणि तोवर ऊन वर आलं, पाखरं उठली. विमान जमिनीवरून सुटलं, गोठ्याच्या वर गेलं, आणि खालून एक गिधाड वर आलं. ढोलाचं कातडं फुटावं तसा आवाज झाला. नाकावरचा पंखा वाकडा फिरला, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. इतकं गप्प, की मला खालून कुंपणावरच्या पाखरांचे पंख ऐकू आले. समोर पाणथळ होती. दाजींनी डावीकडे वळवलं, मागे पट्टीकडे यायला. वळणातच विमान एका अंगावर कललं आणि पडलं.

मी सगळ्यात आधी पोचलो. त्यांना काही कळलं नसणार, ताई. चेहऱ्यावर नुसता वैताग होता, किल्ली हरवल्यावर असतो तसा.

त्यांची टोपी माझ्याकडे आहे. देईन.

एर्लान

*

त्रिनिदाद
५ जुलै १९८७

एर्लान,

नऊ दिवसांची प्रार्थना झाली. येनीने कम्युनियनचा पांढरा झगा घातला नाही. काळा शिवला, त्याच मापाचा.

आता माझं नीट ऐक. कॅप्टन मेल्फी परवा घरी आला होता. त्या सकाळी तो शेजारच्या रँचवरून पहिल्या उजेडात उडाला. म्हणाला, आकाश काचेसारखं होतं, तामारिंदोच्या कुंपणाच्या खांबांच्या सावल्या वरून मोजता आल्या असत्या. तुझं धुकं कुठून आलं?

प्रार्थनेला आलेल्या बायका कुजबुजत होत्या. पुढच्या बाकावरच्या कुजबुजतात ते मागच्या बाकावर बसलेल्या माझ्यासारख्या विधवेला ऐकू येतं, हे त्यांना कळत नाही. म्हणे मांस भरून झालं होतं, विमानाचं दार लावलेलं होतं, आणि रूबेर त्या बाईच्या चुलीपाशी बसून होता. ऊन छपरावर आलं तरी बसून होता. मी चीज सांगितलं होतं त्याची त्याला आठवणही नसेल, तिच्यासमोर बसल्यावर.

आणि तो वळला का? नव्या पायलट पोरांना हाच माझ्या अंगणात बसून सांगायचा, "इंजिन बंद पडलं की नाकासमोर बघा. पाणी असो, झाड असो, समोर उतरा. मागे वळलात की संपलात." मला पाठ झालं होतं. मग स्वतः कशासाठी मागे वळला? मागे कोण होतं?

तू तिथे होतास. मला खरं सांग.

दोर्का

*

मामोरे नदी, मालाच्या बोटीवर
२८ जुलै १९८७

ताई,

तामारिंदो सोडलं. पट्टीकडे बघवत नव्हतं. आता मालाच्या बोटीवर आहे, केळी आणि गॅसची सिलिंडरं. बोटीचा आचारी रोज उरलेला भात एका मगरीला घालतो, ती वळणावर वाट बघत असते. परवा भात उरला नाही तर तिने शेपटीने बोटीला धपाटा दिला. आचारी म्हणतो, बायको अशीच होती. ते जाऊ दे. तू हसणार नाहीस, मला माहीत आहे.

वळण्याचं सांगतो. मी मेल्फींना घाटावर विचारलं. त्यांनी नदीकडे हात केला. मग म्हणाले, "सगळेच वळतात, पोरा. समोर पाणी दिसतं आणि मागे कापलेलं गवत असतं. डोकं सांगतं नको, पण हात आधीच वळलेला असतो." मागे गवत होतं, ताई. दुसरं काही नव्हतं.

धुक्याचं माझं चुकलं असेल. इतक्या सकाळी मला सगळंच धुरकट दिसतं.

आणि चुलीपाशी ते बसायचे ते पोटासाठी, दुधासाठी. हे मी तुला आधीच लिहिलं होतं. त्या दिवशीही तसंच.

बोटीला पत्ता नसतो. मेल्फींकडे दिलंस तर पोचेल.

एर्लान

*

त्रिनिदाद
९ ऑगस्ट १९८७

एर्लान,

लहानपणी आईची घागर फोडलीस तेव्हाही मगरीचीच गोष्ट सांगितली होतीस.

पेलाभर दूध प्यायला ऊन डोक्यावर येत नाही. नऊ वर्षं हा माणूस पाखरांच्या आधी उडाला. माझ्या बाळंतपणाच्या सकाळीसुद्धा उडाला. त्या एकाच दिवशी त्याला कोणी बसवून ठेवलं?

मी रँचच्या मालकिणीकडे, दोन्या अमालियाकडे गेले होते. ती म्हणाली, कॅप्टनच्या विधवेच्या डोळ्यांत पाणी आणणारी बाई मला रँचवर नको, महिनाअखेरीला सेल्वाला पोरांसकट बोटीत बसवते. मी नको म्हटलं नाही. जाताना एकदा तिच्या दारात उभी राहून तिचा चेहरा बघणार आहे.

माझं चुकत असेल तर लिही. शाईने लिही, आणि मगर नको.

दोर्का

*

मामोरे नदी
१९ ऑगस्ट १९८७

ताई,

मेल्फींनी पत्र हातात दिलं आणि समोर उभे राहिले. म्हणाले, लिहिल्याशिवाय मी हलत नाही. म्हणून त्यांच्या विमानाच्या चाकाला टेकून लिहितोय. पाय मोडून ठेवल्यासारखा बसलोय, नाहीतर हे पुरं होणार नाही.

सेल्वाला घालवू नका. तिचा काही दोष नाही. दाजींचाही नाही.

त्या सकाळी ती रोजच्यापेक्षा लवकर उठली होती. तू सांगितलंस तसं मीच तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. पण जून होता, रात्री दक्षिणेचा गार वारा सुटला होता आणि गाई पान्हा सोडेनात. तिने दोन्ही हात चुलीवर शेकून शेकून धार काढली. दूधही गारठ्याने विरजेना. तिने भांडं चुलीजवळ ठेवलं, शाल गुंडाळली, लेकराला घ्यावं तसं मांडीवर घेऊन बसली. मग ते फडक्यात बांधून फळीखाली ठेवलं आणि वर दगड, पाणी निथळायला.

मांस भरून झालं होतं. दाजी आले आणि दगडाकडे बघत बसले. दूध दिलं, ते प्यायले नाहीत. सेल्वा म्हणाली, कॅप्टन, कालचं आहे ना, ते घेऊन जा, चांगलं आहे. ते म्हणाले, "कालचं नको. माझी बायको चीजला बोट लावून सांगते कुठल्या दिवसाचं आहे. रिकाम्या हाताने गेलो तर रविवारी माझंच चीज करून कुन्यापेत घालेल."

आम्ही सगळे हसलो. मे महिन्यानंतर ते पहिल्यांदा थट्टा करत होते. सेल्वा म्हणाली, बायकोला इतकं भिता, लेकरा? ते म्हणाले, भीत नाही. नाताळात मिर्ताताई बोलली तेव्हा मी हसलो होतो. तेव्हापासून दोर्का माझ्या हसण्याकडे बघते. हे एकदा चुकतं करायचंय.

बेनिग्नो दारात आला. म्हणाला, "कॅप्टन, पाखरांनी पंख मिटले." पंख मिटले म्हणजे वाळले, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. दाजी उठले, दारापर्यंत गेले, कुंपणाकडे पाहिलं आणि परत येऊन बसले. म्हणाले, दगड उचलेपर्यंत. मी काही बोललो नाही. मला वाटलं, आज ते खूश आहेत.

मग सेल्वाने दगड उचलला. ते चीज केळीच्या पानात बांधून, मांडीवर ठेवून ते विमानात बसले. मांसावर ठेवलं तर वास लागेल म्हणाले.

हे मला तुला सांगायचं नव्हतं. तुझ्या डोक्यात ती बाई राहिली असती तर राहू द्यावी, असं वाटत होतं. बाईचा राग करता येतो. पण मग सेल्वाच्या पोरांना बोटीत बसवणार म्हणालीस.

आता मला शिव्या दे, आणि मेल्फींच्या हातीच पाठव, म्हणजे नक्की पोचतील.

एर्लान

*

त्रिनिदाद
६ सप्टेंबर १९८७

बाळा,

मला माहीत होतं.

मेल्फीने त्याला आणलं त्या दिवशी तीन वस्तू माझ्या हातात दिल्या. घड्याळ, पट्टा आणि केळीच्या पानाचं एक पुडकं. पान एका बाजूला फाटलं होतं. आतलं चीज जसंच्या तसं. मी बोट लावलं. त्याच सकाळचं होतं. त्याच्यावर फडक्याची वीणसुद्धा उमटलेली होती.

कोणाला सांगितलं नाही. पुडकं फळीवर ठेवलं. मग प्रार्थनेला माणसं यायला लागली आणि माणसांना कॉफीबरोबर काहीतरी द्यावं लागतं, घरात दुसरं काही नव्हतं. शेवटच्या दिवशी मी ते किसलं, पीठ मळलं, भट्टी पेटवली. घट्ट झालं असेल वाटलं होतं, पण कुन्यापे फुगले. कधी नव्हे ते असे फुगले. मिर्ता काळ्या शालीतून हात काढून एक घेऊन गेली. मग दुसरा घ्यायला आली. रडत रडत म्हणाली, वहिनी, असं चीज आमच्या सान्ता क्रूझलाही मिळत नाही.

मी ताट धरून उभी होते.

त्या रात्रीपासून मला एक बाई हवी होती, एर्लान. कोणीही चालली असती. सेल्वाचं नाव तयार होतं, म्हणून ते धरलं. तुला सारखं विचारत होते, मागे कोण होतं, कोणी बसवून ठेवलं, आणि दर पत्र उघडताना देवाला म्हणायचे, हा तरी म्हणू दे की होती. तू जन्मभर थापा मारल्यास. एकदा माझ्यासाठी नीट मारता आली नाही तुला.

तुला शिव्या देत नाही. त्याच्या थट्टेचं लिहिलंस. त्या सकाळी तो हसला होता हे मला माहीत नव्हतं. ते मी ठेवून घेतलंय.

दोन्या अमालियाकडे महिनाअखेरीच्या आतच परत गेले. सेल्वा राहतेय. मी तिच्या दारात उभं राहायचं म्हटलं होतं, तेही केलं. मेल्फीने नेलं. तू म्हणतोस तसेच हात आहेत. तिने मला चुलीपाशी बसवलं, 'लेकरा' म्हणाली आणि कोमट दूध दिलं. मी पेला रिकामा केला. निघताना तिने पानात काहीतरी बांधून पुढे केलं. मी घेतलं नाही. मग घेतलं. पट्टीच्या टोकाला आतडी तशीच पडलेली होती, पाखरं तशीच ओळीने बसलेली. आम्ही लवकर निघालो.

तू येऊन जा. टोपी आण. येनीला मामाचे बूट बघायचेत.

आणि मेल्फीला एक सांग. त्रिनिदादला उतरताना तो आमच्या छपरावरून पंख हलवत जातो. रूबेर तसंच करायचा, म्हणजे मी भात टाकायचा आणि येनीने फाटक उघडायचं. मेल्फी त्याच्या आठवणीने करतो, मला कळतं. पण येनी अजून फाटकाकडे धावते. त्याला म्हणावं, आमच्या घरावरून जाऊ नकोस.

नाही, नको सांगूस. जाऊ दे त्याला. आवाज आला की माझे हात आपोआप तांदूळ धुवायला लागतात. दिवसभरात तेवढंच एक काम ते न सांगता करतात.

दोर्काताई